सतरा एकांचा आकडा

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या पत्रात माझा हुद्दा ‘कॉम्प्युटर’ असा लिहिला होता. आमच्या वडिलांनी ते पत्र लोणावळ्याच्या बाजारात चार जाणत्यांना दाखवलं आणि चौघांनी चार अर्थ सांगितले. एकाने तर हे रेल्वेची इंजिनं पुसण्याचं काम असणार, असं छातीठोकपणे सांगितलं. काम खरं म्हणजे सोपं होतं, निदान सांगायला. तेव्हा धरणांसाठी डोंगरांची मोजणी चालली होती. मोजणीदार दिवसभर साखळी आणि दुर्बीण घेऊन रानात हिंडत आणि आकड्यांनी भरलेल्या वह्या आमच्या टेबलावर आणून टाकत. त्यांचे गुणाकार-भागाकार करून कुठली जमीन किती उंच, पाणी कुठवर चढेल, हे आम्ही काढून द्यायचं. आम्ही सहा जण एका खोलीत बसून हेच करत होतो. धरणाचा दगड मी पुष्कळ उशिरा पाहिला.

लोकांना वाटतं, आकडेमोड करणाऱ्याची चूक होत नाही. चूक रोज होते. शहाणपण असतं ते चूक पकडण्यात. त्यासाठी आमच्यापाशी नवाचा ताळा होता. जुन्या शाळांत शिकलेल्यांना तो ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगतो. संख्येतले अंक मिळवत जायचे, एकच अंक उरेपर्यंत. २३९ घ्या. दोन, तीन आणि नऊ मिळून चौदा. चौदाचे एक आणि चार, पाच. ४६४९ चे होतात तेवीस, तेविसाचे पुन्हा पाच. आता या दोघांचा गुणाकार केला असेल, तर पाचा पाचा पंचवीस, पंचविसाचे सात, आणि उत्तरातल्या अंकांचेही सातच निघायला हवेत. उत्तर आहे १११११११. सात वेळा एक, बेरीज सात. ताळा मिळाला.

मात्र हा ताळा एका डोळ्याने अधू आहे. दोन अंकांची जागा बदलली तर त्याला पत्ता लागत नाही, कारण बेरीज तीच राहते. मला हे कळलं ते केरूभाऊमुळे. केरूभाऊ तिकोणा पेठेचा कोळी, चाळिशीचा, मोजणीत साखळी धरायला होता. शाळेत दोनच वर्षं गेलेला, पण तिसापर्यंतचे पाढे आणि पावकी, निमकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी येत. एकदा माझ्या कोष्टकाप्रमाणे एका वाडीतलं शेवटचं घर पाण्याखाली जात होतं. केरूभाऊ वह्या घेऊन आला होता, तो दारातच थांबला.

“त्ये घर पान्यात जात न्हाई, गुलाबभाऊ,” तो म्हणाला. “म्या तितं निशान धरून हुबा ऱ्हायलोय. खालच्या आंब्यापातूर बी पानी यायचं न्हाई.”

“ताळा मिळतोय, केरूभाऊ.”

“ताळा गेलाय का तितं?”

मी मूळ वही काढली. २०५४ ऐवजी मी २०४५ उतरवले होते. बरोबर नऊ फुटांची चूक, आणि ताळा शाबूत. त्या घराला जायची नोटीस मी फाडली आणि साहेबांना सांगून केरूभाऊला साखळीवरून उचलून आमच्या खोलीत ताळे तपासायला आणलं. त्यानंतर आमची जोडी जमली. मी आकडे मांडायचे आणि त्याने एका नजरेत ताळा घेऊन टिक मारायची.

मोजणी संपली, खोली बंद झाली. मग दोन-तीन वर्षं इकडेतिकडे नकलनवीशी केल्यावर रावसाहेबांचं बोलावणं आलं. रावसाहेब म्हणजे धरणाच्या बांधकामावरचे निवृत्त इंजिनिअर. मंडळी वारलेली, मूलबाळ नाही, छातीचं दुखणं जडलेलं. लोणावळ्यात छोटा बंगला बांधून एकटेच राहत. निवृत्त झाल्यावर कुणी गुलाब लावतो, कुणी वेदान्ताकडे वळतो. रावसाहेबांनी सतरा एकांचा आकडा धरला होता.

त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर तो लिहिला: १११११११११११११११११. एकशे अकरा कोटी कोटींहून मोठा. “मुलाणी,” ते म्हणाले, “हा फुटतो का, एवढंच मला हवंय.”

फुटणं म्हणजे काय तेही सांगतो. एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसरं कुणी जिला बाकी न ठेवता भागू शकत नाही, ती मूळ संख्या. ती फुटत नाही. अकरा फुटत नाही. तीन एक फुटतात: तीन गुणिले सदतीस. पाच एक फुटतात: एकेचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सात कसे फुटतात ते वर आलंच आहे. अकरा आणि तेरा एक रावसाहेबांनी नोकरीत असताना, बांधकामावरच्या तंबूत बसून, स्वतः फोडले होते. सहा, नऊ, पंधरा असे एक असतील तर ते तीन एकांनी सरळ भागले जातात, त्यांना फोडायला अक्कलच लागत नाही. सतरा मात्र त्यांना दाद देत नव्हते.

“धरण किती वर्षं टिकेल, हे मला आयुष्यभर विचारलं गेलं,” रावसाहेब म्हणाले. “मी दरवेळी अंदाज सांगितला. या प्रश्नाला एकच उत्तर आहे आणि त्यात अंदाज नाही. ते ऐकून जायचंय.”

काम असं. या आकड्याला भागणारी मूळ संख्या असलीच, तर ती चौतिसाच्या कुठल्यातरी पटीपेक्षा एकाने जास्त असणार, हे गणिताने सिद्ध होतं. का, ते रावसाहेबांनी मला दोनदा समजावलं आणि दोन्ही वेळा मला समजलं. आज विचारू नका. म्हणजे पहिला भाजक १०३, मग १३७, मग २३९, ३०७, असं चढत जायचं. मूळ संख्यांचं एक जाडजूड कोष्टक त्यांनी विलायतेहून मागवलं होतं, त्यातून भाजक निवडायचे. एखाद्याने निःशेष भागलं की संपलं, आकडा फुटला. भागलंच नाही तर मात्र तो फुटत नाही असं म्हणायला दहा कोटींच्याही पुढे जावं लागणार होतं, आणि त्यात आमच्या नातवंडांचीही आयुष्यं गेली असती. म्हणजे रावसाहेबांना उत्तर मिळायचं तर ते आकडा फुटण्यानेच मिळणार होतं. त्यांनी तूर्त वीस लाखांची हद्द आखली. तिथवर नऊ हजारांच्या वर भाजक होते.

मी केरूभाऊला बोलावून घेतलं. मी पाटीवर कच्चा भागाकार करायचा, आधी भाजकाच्या नऊपर्यंतच्या पटी कडेला मांडून. मग भाजक, भागाकार आणि बाकी रजिस्टरात शाईने उतरवायची आणि पाटी पुसायची. केरूभाऊने ताळा घ्यायचा. सतरा एकांचा ताळा आठ, तेव्हा भाजक आणि भागाकार यांच्या ताळ्यांचा गुणाकार करून त्यात बाकीचा ताळा मिळवायचा, आठ निघाले की टिक. एका भागाकाराला पंधरा-वीस मिनिटं. पानावर बावीस ओळी, आणि रावसाहेबांचा नियम: रोज एक पान, पान भरल्याशिवाय घरी जायचं नाही. संध्याकाळी ते काठी घेऊन व्हरांड्यात येत आणि विचारत, “काय मुलाणी, फुटला?” मी म्हणे, “नाही, रावसाहेब.” ते मान हलवून फिरायला जात. असं वर्षभर चाललं.

आता तीनशे चाराव्या पानाबद्दल. भाजक चौदा लाखांवर पोचले होते. त्या दिवशी मला दुपारच्या गाडीने तळेगावला जायचं होतं. एक मुलगी पाहायची होती. रावसाहेबांकडे सुटी मागितली असती तर मिळाली असती, पण कारण सांगावं लागलं असतं आणि मला लाज वाटत होती. मुलगी पाहायला जातो हे सांगायची लाज, आणि बावीस खोट्या ओळी लिहायची नाही, असं तेव्हाचं माझं डोकं होतं. प्रत्येक भागाकाराचे पहिले चार अंक मी खरे काढले, पुढचे सहा मनाने लिहिले, आणि बाकी अशी ठेवली की ताळा आठ यावा. आकड्यांत वावरलेल्या माणसाला ते सहज जमतं. तासाभरात पान भरलं. केरूभाऊने बावीस टिका मारल्या. मी गाडी पकडली. ती मुलगी म्हणजे आमची सकीना. तिला ही हकिकत मासिकाचा हा अंक हाती पडल्यावरच कळेल, आणि मग माझी धडगत नाही.

मी विसरून गेलो असं म्हणणार नाही, पण त्या पानाने माझी झोपही उडवली नाही. आकडा काही कुणाच्या घरावरून जात नव्हता. पुढची पानं मी चोख केली, आणि अशा रीतीने चारशे तेवीस पानं होऊन वीस लाखांची हद्द आली. आकडा फुटला नव्हता. रावसाहेब तेव्हा बरेच थकले होते. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरणं बंद झालं होतं. ते म्हणाले, “आणखी एक लाख पुढे जाऊ. मग ‘एकवीस लाखांपर्यंत भाजक नाही’ असं टिपण करून कलकत्त्याच्या विद्वानांच्या मंडळाकडे पाठवीन. सोबत रजिस्टर जाईल. म्हणजे पुढच्या माणसाला आपल्यापासून सुरुवात करता येईल.”

पुढचा माणूस, हे शब्द मला लागले. कलकत्त्यात कुणीतरी पान तीनशे चार उघडणार, एखादा भागाकार करून पाहणार, आणि खाली सही रावसाहेबांची. मी शुक्रवारी घरी बसून ते बावीस भागाकार खरे करून पाहिले. एकही निःशेष गेला नाही. म्हणजे टिपण खोटं ठरत नव्हतं. पण रजिस्टर बांधीव होतं, पानांवर छापील क्रमांक होते. पान बदलता येत नव्हतं आणि शाई खोडता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पुढच्या लाखातला एकही भाजक घेण्याआधी, मी रावसाहेबांना सगळं सांगितलं. केरूभाऊ शेजारी उभा होता. रावसाहेब रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

“कशासाठी?” त्यांनी विचारलं.

मी तेही सांगितलं.

“मुलगी पसंत पडली का?”

“होय, रावसाहेब.”

“बरं झालं.” त्यांनी रजिस्टर उघडून तीनशे चारावं पान काढलं. “तीनशे चारपासून नव्या रजिस्टरात पुन्हा करा. सगळं.”

“रावसाहेब, पुढची पानं खरी आहेत.”

“असतील. मुलाणी, धरणाच्या एखाद्या थरात चुना कमी सापडला, तर आम्ही तेवढेच दगड बदलत नसू. त्या थरापासून वरचं सगळं बांधकाम उतरवत असू. कारण खालचा थर ज्या हाताने घातला, त्याच हाताने वरचे घातलेले असतात.”

“मग पुढचा लाख?”

“आधी हे. त्यानंतर पुढचं.”

एकशे वीस पानं होती. साडेचार महिन्यांचं काम. शिवाय आता नवाबरोबर अकराचाही ताळा घ्यायचा ठरला, कारण अकराच्या ताळ्याला शेजारशेजारच्या अंकांची अदलाबदल कळते. केरूभाऊ बाहेर आल्यावर तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी पान संपल्यावर म्हणाला, “तुमी आकडं घडवलं, आन म्या तेच्यावर टिक मारली. माज्या हातात दुसरं काय हाय, गुलाबभाऊ? टिकच हाय. ती खोटी पडली.” मी माफी मागितली. तो म्हणाला, “आता लिवा म्होरलं,” आणि विषय संपला. तो मनात ठेवणारा माणूस नव्हता, पण त्या दिवसापासून टिक मारण्याआधी तो माझ्या पाटीकडे एकदा पाहून घेई. पाटी पुसायची नाही, असं त्याने स्वतःच ठरवलं होतं. मला वाईट वाटलं.

संध्याकाळचा प्रश्न चालूच होता. आता रावसाहेब खाटेवरूनच विचारत, “फुटला?” काम जुन्याच हद्दीत आहे, तिथे आधी काही सापडलेलं नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी विचारत. मी म्हणे, “नाही, रावसाहेब.” तिसरा महिना सुरू झाल्यावर एका सकाळी आम्ही बंगल्यावर गेलो तर आत माणसं जमली होती. रावसाहेब पहाटे गेले होते. आमचं तीनशे एकसष्टावं पान झालं होतं.

पुण्याहून त्यांचा पुतण्या आला. भला माणूस. रजिस्टरांचं काय करायचं त्याला उमगेना. मी मागितल्यावर त्याने ती आणि विलायती कोष्टक मला देऊन टाकलं. केरूभाऊ गावी शेतीला परतला. मला लोणावळ्यात शाळामास्तरकी मिळाली आणि शेवटपर्यंत तीच केली. पोरांना भागाकार शिकवणाऱ्या मास्तराने एका माणसाचं उत्तर कसं लांबवलं होतं, हे शाळेत कुणाला माहीत नव्हतं.

मी ते काम सोडलं नाही. रोज सकाळी शाळेआधी चार-पाच भाजक. बासष्ट पानं उरली होती, ती पुरी करायला वर्षाच्या आसपास लागलं. ती सगळी पहिल्या खेपेसारखीच निघाली, एक अंकही वेगळा नाही. मग रावसाहेबांनी सांगितलेला पुढचा लाख घेतला. सकीना विचारायची, हे कुणासाठी करता? मी म्हणायचो, राहिलंय म्हणून करतो.

एका सकाळी भाजक होता वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. शेवटची वजाबाकी केली आणि पाटीवर खाली काही उरलं नाही. मला वाटलं, माझी नेहमीची चूक असेल. पाटी पुसून पुन्हा केलं. पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा केलं तोवर शाळेची घंटा होऊन गेली होती. त्या दिवशी वर्गाला मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. डोळे मात्र सारखे भरून येत होते, आणि पोरं एकमेकांना खुणावत होती, तेवढं आठवतं.

हा शोध नव्हता, हेही सांगून टाकतो. पुढे पुण्याच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांना मी ते दाखवलं. त्यांनी कौतुक केलं आणि मग हळूच सांगितलं की युरोपात कुणीतरी हा आकडा मागेच फोडून छापलेला आहे. आमच्यापाशी ते पुस्तक नव्हतं. रावसाहेबांना नव्हतं माहीत, मलाही नव्हतं, आणि त्या सकाळचं शून्य आमचंच होतं.

त्या रविवारी मी कामशेतपर्यंत गाडीने आणि पुढे पायी तिकोणा पेठेला गेलो. केरूभाऊ खळं सारवून ते वाळायची वाट बघत बसला होता. मी कागद त्याच्या हाती दिला. २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७. त्याने ओठ हलवले. “ह्येचे चार. ह्येचे दोन. आठ.” मग अकराचा ताळा घेतला, तोही मिळाला. तेवढ्यावर तो थांबला नाही. चुलीतला कोळसा घेऊन त्याने कोरड्या झालेल्या खळ्यावर सबंध गुणाकार मांडायला घेतला. घरची माणसं, सारवलेलं घाण करतोय म्हणून ओरडली. त्याने लक्ष दिलं नाही. तासाभराने शेवटच्या बेरजेत उजवीकडून एक, एक, एक असे उतरू लागले. सतरा झाल्यावर त्याने ते बोटाने मोजले आणि कोळसा खाली ठेवला.

“फुटला,” तो म्हणाला.

“फुटला.”

आम्ही खळ्याच्या कडेला बसलो. त्याने पाणी दिलं. मग विचारलं, “वीस लाखाच्या म्होरं किती भाजक घ्यावं लागलं?”

“तीनशेच्या वर थोडे.”

“म्हंजी बंगल्यावर असताना चौदा दिसांचं काम.”

“होय.”

“आन एकदा फुटल्यावर मागली पानं खरी का खोटी, कोन बगत व्हतं?”

“कुणी नाही. एक शून्य आलं की मागची सगळी पानं रद्दी.”

“म्हंजी त्या दिशी तुमी बोलला नसता, तर रावसायबास्नी कळलं असतं.”

हे मला पाटीवर शून्य आलं त्याच क्षणी कळलं होतं. ते पान मी खोटं लिहिलं नसतं तरी त्यांना कळलं असतं. खोटं लिहून गप्प बसलो असतो तरी कळलं असतं. खोटं लिहून वर खरं सांगितलं, म्हणून ते उत्तर न ऐकता गेले. मी केरूभाऊला म्हटलं, “तो चौदा दिवसांत फुटणार आहे, हे मला ठाऊक नव्हतं.”

“ठावं असतं तर?”

“तर चौदा दिवस तोंड मिटून बसलो असतो. त्यांना शून्य दाखवलं असतं. आणि पंधराव्या दिवशी सांगितलं असतं.”

केरूभाऊने खळ्यावरच्या आकड्यांकडे पाहिलं.

“पंधराव्या दिशी कोन सांगतंय, गुलाबभाऊ,” तो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. मी सांगितलं नसतं.